विषय: सणाचा खर्च दरवर्षी हाताबाहेर जातो

प्रेषक: नवी सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या सुट्ट्यांचं कार्डाचं बिल फेडता फेडता सहा महिने गेले. भेटवस्तू आणि प्रवास यांचा आकडा आम्ही दोघांनी आधी कागदावर मांडला होता, तरी खर्च दीडपट झाला. ही उधळपट्टी, असं एकाही वस्तूकडे बोट दाखवून म्हणता येत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. तुम्ही सगळे हे कसं निभावता?

प्रेषक: खजिनदार

अगं, उधळपट्टी नव्हतीच ती. तुमच्या कागदावर दोनच रकाने होते, तिथे घोळ झाला.

सण आटोपला की त्याच आठवड्यात मी बँकेचा आणि कार्डाचा उतारा काढून बसते. आठवणीवर विसंबत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा भेटवस्तूंची रक्कम अंदाजाइतकीच निघाली. वर गेलं ते सगळं किरकोळीत: वेष्टणाचा कागद, टपाल, विमानतळापर्यंतची गाडी, जादा सामानाचं शुल्क, ऐनवेळी आठवलेल्या एकासाठी घाईत घेतलेली वस्तू. यातलं प्रत्येक आपण ‘यंदापुरतं’ म्हणून हिशेबातून सोडतो. ॲबिगेल सस्मन आणि ॲडम ऑल्टर या अभ्यासकांनी २०१२ साली हेच दाखवलं होतं. नेहमीच्या खर्चाचा अंदाज माणसाला बऱ्यापैकी येतो, पण अधूनमधून येणारा खर्च तो कमी धरतो, कारण असा प्रत्येक खर्च त्याला सुटा वाटतो. वर्षभराचे असे सुटे खर्च एकत्र मांडले की त्यांची रक्कम बरीच मोठी भरते.

म्हणून आधी गेल्या वर्षीचा खरा आकडा काढ, मनात असलेला नको. तो उरलेल्या महिन्यांनी भाग. दहा महिने असतील तर दहावा हिस्सा, पगार झाला की दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप जाऊ दे. त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवू नकोस.

आणि तो दहावा हिस्सा झेपत नसेल, तर तेही आत्ताच कळतं. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘यंदा प्रवास नको’ किंवा ‘मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचं नाही’ हे दहा महिने आधी शांतपणे बोलता येतं, नातेवाइकांनाही वेळेवर सांगता येतं. सणाच्या आठवड्यात तेच बोलणं भांडण होतं. आमच्या घरात झालेलं आहे, म्हणून इतक्या पोटतिडकीनं लिहितेय.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

ताईंच्या म्हणण्यात कार्डाचं गणित जोडतो, कारण पुष्कळ तरुण जोडपी ‘किमान रक्कम’ भरून निश्चिंत होतात. समजा महिन्याला २ टक्के व्याज आहे आणि तुम्ही दरमहा बाकीच्या ५ टक्के भरता. नवीन काहीही न घेता वर्षभर असं भरलंत, तरी १०० मधले सुमारे ६९ शिल्लक राहतात आणि पुढचा सण दारात उभा असतो. शिवाय बाकी पूर्ण फेडली नसली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. तेव्हा मुली, जुनं बिल फिटेपर्यंत नवी खरेदी त्या कार्डावर करू नकोस.

आणखी एक. खरेदी वर्षभर थोडी थोडी करावी, असं लोक सांगतात. मला ते फारसं पटत नाही. आधी आणलेल्या वस्तू कपाटात विसरतात आणि पुन्हा नवं घेतलं जातं. परत करण्याची मुदत आणि हमी बहुधा खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे वस्तू हातात पडेपर्यंत दोन्हीतले महिने उडालेले असतात. पैसे लवकर बाजूला काढावेत, वस्तू सणाच्या महिना-दीड महिना आधी घ्याव्यात. प्रवासाच्या तिकिटांचं मात्र उलटं आहे. सुट्टीच्या दिवसांची तिकिटं शेवटच्या आठवड्यात क्वचितच स्वस्त होतात.

प्रेषक: नवी सभासद

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी उतारे काढले. किरकोळीतलं पहिलं पान भरलं तेव्हाच हे म्हणाले, दीडपट कुठून आलं ते कळलं. एक शंका उरली. जुनं बिल अजून थोडं बाकी आहे. आधी ते फेडू की वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात करू?

प्रेषक: खजिनदार

आधी बिल. कार्डाच्या व्याजाइतकं व्याज कुठलंही बचत खातं देणार नाही. पण खातं आजच उघड आणि त्यात नावापुरती रक्कम टाक. बिल फिटलं की तोच हप्ता, एकही महिना मध्ये न सोडता, त्या खात्याकडे वळव. तो हप्ता भरायची सवय तुम्हाला झालेलीच आहे. उताऱ्यांची बेरीज अडली तर रविवारी वही घेऊन ये, आपण दोघी बसू.