तुकाराम ओंबळे: खानदेशातल्या आठवणी लिहा

२६ नोव्हेंबर जवळ आलाय. २००८ च्या मुंबई हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना गेलेले पोलीस तुकाराम ओंबळे साताऱ्याकडचे, केडंब्याचे. गेले मुंबईत, गिरगाव चौपाटीवर. आपला संबंध टीव्हीपुरताच, असं कुणी म्हणेल. पण जळगाव, धुळे, नंदुरबारात पोलीस लाइनीत वाढलेले, भरतीसाठी पहाटे धावलेले, बंदोबस्तावरच्या माणसाची वाट पाहिलेले कितीतरी जण आहेत. ती बातमी तुमच्या घरात कशी शिरली ते लिहा. भाषण नको. अहिराणीत लिहिलं तरी चालेल.

जळगाव, हवालदाराची मुलगी
२००८ ला आम्ही लाइनीतच राहायचो. पप्पा रात्रपाळीला होते. आईने टीव्हीचा आवाज बारीक ठेवला होता, पण झोपलं कुणीच नव्हतं. आधी करकरे, कामटे, साळसकर ही नावं आली. चौपाटीवरच्या सहायक फौजदाराचं नाव आमच्या कानावर उशिरा पडलं. सकाळी नळावर बायकांचा एकच विषय: त्याच्या हातात काय होतं म्हणे? लाठी.
पप्पा आले, बूट काढले, लाठी नेहमीसारखी दाराआड टेकवली. आईने ती उचलली. धरायच्या जागी घामाने काळी पडलेली, खालच्या टोकाला चीर गेलेली. हातात तोलून म्हणाली, "हाई काठी? इतलीच?" पप्पा म्हणाले, "चहा टाक." त्यावर आमच्या घरात तेवढंच बोलणं झालं. पण पुढे कितीतरी दिवस पप्पा नाकाबंदीला निघाले की ती फाटकापर्यंत जायची. आधी कधी जात नसे.

धुळे, पोलीस शिपाई
इथल्याच प्रशिक्षण केंद्रातून पास झालो. नाकाबंदी शिकवताना उस्तादांनी ओंबळेंचं उदाहरण दिलं होतं. लोक म्हणतात, छातीवर गोळ्या झेलल्या. खरंच आहे, पण त्यामागचं काम बघा. रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली की समोरच्याला ती फिरवता येत नाही. गोळ्या सुटतात त्या धरणाऱ्याच्याच अंगात जातात. तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला पाडलं. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो हा एकच, आणि कट कुठे शिजला ते त्याच्यामुळे कोर्टात उभं राहिलं. ओंबळे लष्करातून निवृत्त होऊन पोलिसात आले होते. एके-४७ काय करते हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी समजू नये.

शिरपूर, शेतकरी
खरं सांगतो, पोलिसांवर माझा राग आहे. कापसाची गाडी नाक्यावर उगाच अडवून ठेवलेली मी भोगलंय. तरी २६ तारखेला हार घालायला मी जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, भांडू नका.

अमळनेर, शिक्षिका
आमच्याकडे २६ ला संविधान दिनाची उद्देशिका आणि श्रद्धांजली एकाच परिपाठात उरकतात. पोरं चुळबुळ करतात. एकदा कोळ्याची गोष्ट सांगितली: ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला संशोधकांनी २०२१ मध्ये ओंबळेंवरून 'आयसियस तुकारामी' नाव दिलं. अशोकचक्र ऐकून जी पोरं गप्प होती ती एकदम "मॅडम, तो चावतो का?" करत पुढे आली. मग चौपाटीचं सगळं नीट ऐकलं.

शहादा
ओंबळेंना नमस्कारच. पण नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत ८ ऑक्टोबर २००९ ला गडचिरोलीत लाहेरीजवळ १७ पोलीस गेले, १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात १५. त्यांतलं एक नाव तरी सांगा पाहू. माझा भरतीचा जोडीदार तिकडे नोकरीला होता. त्याची आई नुसती फोनची वाट बघायची. फोन लागला की पहिला प्रश्न, "दादा, जेवना का?" बाकी चौकशी नंतर. तो सुखरूप परत आला, म्हणून मी हे लिहू शकतोय.

चोपडा, निवृत्त हवालदार
शहादेकर, ती नावं २१ ऑक्टोबरला वाचतात. १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव दलाचे १० जवान गेले, तेव्हापासूनचा तो पोलीस स्मृतिदिन. जिल्ह्याच्या कवायत मैदानावर शोकशस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना), बिगुल, हवेत फैरी आणि वर्षभरात देशात गेलेल्यांची यादी. यादी लांब असते, उन्हात पाय दुखतात. समोर गणवेशातलेच जास्त, बाहेरचे मोजके. पुढच्या ऑक्टोबरला कुणी जळगावला येणार असेल तर इथेच कळवा. मी चोपड्याहून पहाटे निघतो, गाडीत जागा असते.