मदत हवी आहे : एफएक्स२एन पीएलसीची बॅटरी बदलायची आहे

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या पॅकिंग मशीनवर मित्सुबिशी एफएक्स२एन पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर) आहे. त्यावरचा बॅट-व्हीचा (बॅटरी कमी झाल्याचा) लाल दिवा लागलाय. प्रोग्राम रॅममध्येच (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत) असल्याने सप्लाय बंद करायची भीती वाटते. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली. जीएक्स डेव्हलपर या मित्सुबिशीच्या सॉफ्टवेअरने प्रोग्राम लॅपटॉपवर घेतलाय, पण खरी काळजी डी२०० पासूनच्या रजिस्टरमधल्या (आकडे साठवायच्या मेमरीच्या जागांमधल्या) सेटिंगची आहे. त्यांच्या व्हॅल्यू वेगळ्या वाचून नंतर परत कशा टाकायच्या?

पॉवर बंद करून जुनी बॅटरी काढल्यावर २० सेकंदांत नवी जोडायची, हे मॅन्युअलमध्ये वाचलंय. बॅटरीचं मॉडेल एफ२-४०बीएल, ३.६ व्होल्ट. बाजारात कनेक्टर सोल्डर केलेले सुटे सेलही मिळतात. ते कोणी वापरलेत का? किती टिकले? कृपया अनुभव सांगा, रविवारच्या शटडाउनमध्ये काम उरकायचंय.