सेन्सर बदलला, तरी हीटरचा पी०१३५ कोड परत येतो

प्रश्न:
माझ्याकडे २००६ सालची पेट्रोल मोटार आहे. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरने पी०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) आत तो तापवण्यासाठी असलेल्या हीटरच्या सर्किटमधील दोष, असा कोड दाखवला. त्यावरून सेन्सर नवा बसवून घेतला, परंतु कोड पुसल्यावर तिसऱ्या दिवशी तोच पुन्हा आला. नवा सेन्सरही सदोष निघाला असेल का?

उत्तर:
शक्यता कमी वाटते. हा कोड सेन्सरचा नसून सर्किटचा आहे, आणि त्या सर्किटमध्ये फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), वायरिंग व ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) हे सगळेच येतात. इंजिन थंड असताना कनेक्टर काढून सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमधला (बहुधा पांढऱ्या) रोध मोजा. तो काही ओहम आला, तर हीटर शाबूत आहे. मग इग्निशन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर व्होल्टेज पाहा.

प्रश्नकर्ता:
रोध ६ ओहम आणि व्होल्टेज १२.४ आले. म्हणजे ईसीयूच गेला म्हणायचा?

दुसरे उत्तर:
एवढ्यावरून ईसीयूला दोष देऊ नका; तो मी नेहमी सर्वांत शेवटी धरतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे सांधा गंजलेला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हीटरला मात्र सुमारे २ अँपिअर लागतात. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब कनेक्टरच्या पुरवठ्याच्या पिनेला आणि बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा व तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजा; ते बरेच घसरले, तर पुरवठ्याच्या वाटेतला एखादा सांधा खराब आहे. हा बल्ब ईसीयूकडच्या पिनेला लावू नये. वायर सायलेन्सरच्या पाइपाला टेकून वितळली नाही ना, तेही पाहा. सेन्सरच्या वायरींना झाळ मात्र देऊ नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींमधूनच आत घेतात.

प्रश्नकर्ता:
बल्ब मिणमिणला आणि व्होल्टेज ७ वर आले. फ्यूज तपासला होता, पण तो ज्यात बसतो ती पत्ती सैल होऊन हिरवी पडली होती, तिकडे लक्षच गेले नव्हते. पत्ती बदलल्यावर बल्ब लख्ख पेटला आणि पंधरा दिवसांत कोड आलेला नाही. काढून ठेवलेला जुना सेन्सर सहज मोजला, तर त्याचाही रोध ६ ओहमच भरला.