पेटंट म्हणजे भिंतीवरची फ्रेम? लेथमास्तरांना उत्तर

शिरोलीकर
लघुउद्योगांच्या चर्चेत काल लेथमास्तर यांनी लिहिलं, "पेटंट म्हणजे केबिनच्या भिंतीवर लावायची फ्रेम. वर्कशॉपवाल्यानं तो पैसा मशीनच्या हप्त्यात घालावा." त्यावर 'अगदी बरोबर' म्हणणारे बरेच निघाले. मला ते वाचून रात्रभर चैन पडलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझे मामा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवायचे. मुख्य काम उपसा सिंचनाच्या लाइनला लागणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेचं. नदीकाठच्या पंपहाउसवर ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना हे सांगायला नको: लाइट गेली की चढावरचं पाणी उलटं फिरतं, व्हॉल्व्हचा फ्लॅप धाडकन सीटवर आपटतो आणि तो दणका सगळ्या पाइपातून फिरतो. कधी फ्लँजचं गास्केट फाटतं, कधी पाइपच. मामांनी फ्लॅपच्या शाफ्टला बाहेरून छोटा ऑइल सिलिंडर जोडला. फ्लॅप जवळजवळ मिटेपर्यंत मोकळा फिरतो, शेवटच्या बोटभर अंतरात तेलाला बारीक भोकातून वाट काढावी लागते आणि फ्लॅप हळू बसतो. भोक किती ठेवायचं हे त्यांनी पाण्याची उंची आणि लाइनची लांबी धरून तक्त्यात बसवलं होतं. तो तक्ता हेच खरं डोकं.

एका मोठ्या कंपनीनं ट्रायल घेतली. पसंत पडलं. "व्हेंडर अप्रूव्हलला लागतं" म्हणून ड्रॉइंग मागितलं, मामांनी तक्त्यासकट दिलं. पुढची ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरला गेली. तोच सिलिंडर, तेच भोक, भाव कमी. मामांकडे 'हे माझं' म्हणायला एक कागद नव्हता.

आज एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीची विनंती ४,०००. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज, टाकून 'हे माझं' म्हणायची तारीख पकडायची, पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा सगळा तपशील, द्यायला १२ महिने मिळतात. ड्रॉइंग गेटाबाहेर जायच्या आधी ती तारीख पकडा, एवढंच माझं म्हणणं आहे. पोरांना 'फ्रेम आहे, सोडा' असं सांगून लेथमास्तर त्यांचं नुकसान करताहेत.

लेथमास्तर
शिरोलीकर, तुमच्या मामांवर अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण पेटंटनं तो टळला असता हे मान्य नाही.

सरकारी फी सांगितलीत, एजंटची सांगितली नाहीत. ती भरली, पेटंटही मिळालं समजा. मग? त्या कंपनीवर दावा कोण टाकणार? पेटंटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. समोरच्यानं 'हे पेटंटच रद्द करा' म्हणून प्रतिदावा टाकला की सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि तो प्रतिदावा प्रत्येक जण टाकतोच. जो माणूस महिन्याच्या पगारासाठी बिलं डिस्काउंट करतो, म्हणजे थोडं नुकसान सोसून बिलाचे पैसे आधीच उचलतो, तो तारखांना उभा राहील, की फर्नेसजवळ?

शिवाय पेटंटनं शोध वाढतात हे गृहीत कशाला धरायचं? जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं. १७७५ मध्ये पार्लमेंटनं ते १८०० पर्यंत वाढवून दिलं. एकतीस वर्षं. हॉर्नब्लोअरनं दोन सिलिंडरचं कंपाउंड इंजिन बनवलं, त्याला कोर्टकचेऱ्यांनी थांबवलं. ट्रेव्हिथिकचं उच्च दाबाचं इंजिन पुढं आलं ते वॉटचं पेटंट संपल्यावर. ज्याच्या हातात पेटंट त्यानं इतरांचे हात बांधले, हा इतिहास आहे.

क्लेम_वन
पेटंटचं काम करतो म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शिरोलीकर, तुमच्या मामांचं पेटंट टिकलं नसतं. फ्लॅपला ऑइल डॅशपॉट, म्हणजे तुमच्या मामांसारखा वेग कमी करणारा तेलाचा सिलिंडर, लावून शेवटचा टप्पा हळू करणं हे जगात फार आधीपासून होतं. एक्झामिनरनं पहिल्याच रिपोर्टमध्ये चार जुने दाखले समोर ठेवले असते.

आपल्याकडचा पायाभूत निकाल वाचा: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्यांचं भांडण, लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या साधनावरून. पेटंट १९५१ च्या अर्जाचं. न्यायालय म्हणालं, ही वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नव्हे. कसबी कारागिराला सहज सुचेल त्याला पेटंट नाही. आपल्या एमआयडीसीतलं बहुतेक काम याच रेषेच्या अलीकडं पडतं.

शिरोलीकर
कसबी कारागिराला सहज सुचतं होय? मग त्या कंपनीच्या डिझाइन सेक्शनला आधी का नाही सुचलं? त्यांच्याकडे पगारी इंजिनिअर होते, आमच्या मामांकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आणि फुटलेले पाइप. मोठ्यांनी केलं तर शोध, लेथवरच्या माणसानं केलं तर 'वर्कशॉपमधली सुधारणा'. चार दाखले एका मिनिटात सांगितलेत, तक्त्याबद्दल एक अक्षर नाही. व्हॉल्व्ह न बघता, ड्रॉइंग न बघता निकाल देऊ नका.

क्लेम_वन
निकाल मी दिलेला नाही, न्यायालयानं दिलाय. तक्त्याबद्दल तुमचा मुद्दा घेतो. नुसता डॅशपॉट पडला असता, पण पाण्याची उंची आणि लाइनच्या लांबीशी भोकाचं नातं बांधून क्लेम, म्हणजे 'एवढं माझं' असं सांगणारं अर्जातलं वाक्य, लिहिला असता तर तो अरुंद का होईना, लढवता आला असता. मूल्य त्या नात्यात होतं.

चाकण_सेकंड_शिफ्ट
अरुंद क्लेमचं काय होतं ते आपण पुणेकरांनी बघितलंय. बजाजचं डीटीएस-आय इंजिन. सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, दोन व्हॉल्व्ह. जुलै २००२ चा अर्ज, २००५ ला पेटंट. टीव्हीएसनं २००७ ला फ्लेम ही मोटरसायकल आणली, दोन प्लग पण तीन व्हॉल्व्ह. मद्रास उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली. टीव्हीएसनं लगेच एका प्लगची फ्लेम बाजारात उतरवली. मे २००९ मध्ये खंडपीठानं मनाई उठवली. बजाजसारखी बजाज जिथं अडकली तिथं शिरोलीच्या वर्कशॉपचं काय?

पल्सरप्रेमी
अडकली वगैरे काही नाही. चोरी उघड होती. १२५ सीसीच्या बारक्या सिलिंडरला दोन बाजूंनी ठिणगी द्यायची आणि ज्वाळेला जायचं अंतर कमी करायचं, कमी पेट्रोलचं पातळ मिश्रणसुद्धा नीट जळवायचं, ही मूळ कल्पना. तिसरा व्हॉल्व्ह बसवला म्हणून ती कल्पना दुसऱ्याची होते का?

चाकण_सेकंड_शिफ्ट
होते. इंजिन कधी उघडलंय का हातानं? तीन व्हॉल्व्ह म्हणजे दोन इनलेट, एक एक्झॉस्ट. हवा आत कशी फिरते ते सगळं बदलतं, हेडचं कास्टिंग बदलतं, प्लगला जागा कुठं मिळते ते बदलतं. टीव्हीएसकडे त्यासाठी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीचं तंत्रज्ञान होतं. आणि दोन प्लग हा काय नवा शोध? विमानांच्या पिस्टन इंजिनांना कित्येक दशकं दोन प्लग आहेत. टीव्हीएसनं होंडाचं जुनं अमेरिकन पेटंट कोर्टासमोर ठेवलंच होतं.

पल्सरप्रेमी
विमानाचं इंजिन आणि मोटरसायकलचं एकच का? बजाजचा क्लेम वाचा. सिलिंडरचा बोअर ४५ ते ७० मिलिमीटर, आणि प्लगला तेल लागू नये म्हणून स्लीव्ह, म्हणजे भोवती नळी. एवढ्या छोट्या हेडमध्ये दुसरा प्लग बसवायचा तर तो तेलाच्या वाटेत येतो, ही खरी अडचण होती आणि ती बजाजनं आकुर्डीत सोडवली. फ्लेममध्येही स्लीव्ह होतीच. याला काय म्हणायचं?

चाकण_सेकंड_शिफ्ट
तेल लागतंय तिथं स्लीव्ह घालायची, हे माझ्या लाइनवरचा अप्रेंटिस सांगेल. क्लेम_वन यांचा मिर्झापूरचा निकाल इथं लावा की मग. आयटीआयवाल्याला एक माप आणि आकुर्डीला दुसरं का?

पल्सरप्रेमी
तुमच्या अप्रेंटिसनं केलं नाही, बजाजनं केलं. उगाच आपल्याच कंपनीला खाली ओढायची सवय लागलीय लोकांना. सगळे पल्सरवर फिरलात ना कॉलेजात?

क्लेम_वन
दोघांनीही जरा दमानं घ्या. 'चोरी' हा शब्द कोर्टानं कधी वापरायची वेळच आली नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २००९ मध्ये टीव्हीएसला हिशेब ठेवून विक्री करू दिली आणि बौद्धिक संपदेचे खटले चार महिन्यांत संपवा असं सगळ्या न्यायालयांना सांगितलं. प्रत्यक्षात हा खटला दशकभर राहिला आणि २०१९ मध्ये दोघांनी तडजोड केली. तीन व्हॉल्व्ह की दोन, या प्रश्नाचं अंतिम उत्तर कुणालाच मिळालं नाही. पेटंटची मुदतही २०२२ ला संपली.

लेथमास्तर
मी दुसरं काय म्हणत होतो? चार महिने सांगितले, दहा वर्षं लागली.

प्रयोगवही
मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पेटंटची खरी वाट आमच्याकडं लागलीय, त्यावर कुणी बोलत नाही. कॉलेजच्या मूल्यांकनाला गुण मिळतात म्हणून प्रत्येक विभागाला पेटंटचं टार्गेट. 'आयओटी आधारित मृदा आर्द्रता सेन्सर' या नावाचा अर्ज निघतो: बाजारातला तयार सेन्सर, तयार बोर्ड, मोबाइलवर मेसेज. शोधकांच्या यादीत ज्यांनी सेन्सर हातात धरला नाही अशी नावं. फॉर्म ९ भरला की अर्ज लवकर प्रसिद्ध होतो आणि फलकावर 'पेटंट प्रकाशित' म्हणून अभिनंदन. प्रसिद्ध म्हणजे मंजूर नव्हे, हे प्राचार्यांना सांगायची सोय नाही. नुसत्या आकाराची डिझाइन नोंदणी केली तरी तिलाही पेटंटच म्हणतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं ठिबकच्या लाइनचा दाब मोजून फिल्टर तुंबल्याचं ओळखणारं चांगलं काम केलं होतं. तिचं नाव सातवं लागलं. मी विरोध केला, तर मला पुढच्या वर्षी प्रोजेक्टच दिले नाहीत.

लेथमास्तर
मॅडम, हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं असे अर्ज घेऊन पोरं नोकरीला येतात आणि ग्लँड पॅकिंग म्हणजे काय ते सांगता येत नाही.

म्युनिकवासी
इथं जर्मनीत पेटंटच्या जोडीला गेब्राउख्समुस्टर नावाचा प्रकार आहे, १८९१ पासून. छोट्या सुधारणांसाठी, नोंदणी झटपट, नवेपणाची तपासणी नोंदणीच्या वेळी होत नाही, जास्तीत जास्त दहा वर्षं. मी ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात आहे तिथं सीटची रचना बदलली तरी आधी हे नोंदवतात. चीनमध्येही अशीच दहा वर्षांची तरतूद आहे. आपल्याकडं ही मधली पायरीच नाही. शिरोलीकरांच्या मामांसारख्यांना ती हवी.

चाकण_सेकंड_शिफ्ट
तपासणी न करता नोंदणी? मग उद्या प्रत्येक नटबोल्टवर कुणीतरी हक्क सांगेल आणि छोट्यालाच नोटिसा येतील. आणि नुसत्या कागदावर फार भिस्त ठेवू नका. गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपातला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर घ्या. बॉशनं बनवला, व्होल्वोत १९७६ ला आला. मूळ पेटंट संपून जमाना झाला. आता बनवा बघू घरी. झिर्कोनियाचं सिरॅमिक, त्यावर सच्छिद्र प्लॅटिनमचा थर, ते भाजायचं तापमान आणि वेळ, यातलं निम्मं क्लेममध्ये नसतंच. खरं राखायचं असेल तर पोटात ठेवा.

शिरोलीकर
सेन्सरचं जमेल. व्हॉल्व्हचं कसं जमणार? विकला की गिऱ्हाईक उघडतो, कॅलिपर लावतो, झालं. मामांचं भोक मोजायला एक ड्रिल बिट पुरतं. ज्याचं गुपित उघडल्यावर दिसतं त्याला पेटंटच हवं. वॉटचंही तेच. लेथमास्तरांनी हॉर्नब्लोअर सांगितला, वॉटचा भागीदार बोल्टन सांगितला नाही. बोल्टननं वॉटच्या मागं पैसा उभा केला तो पेटंटच्या जोरावरच.

लेथमास्तर
बोल्टनचं ठीक आहे, पैसा त्यानं लावला. पण एकतीस वर्षांचं समर्थन मी करणार नाही. आणि कोर्टाबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. एवढंच म्हणतो की ड्रॉइंग द्यायच्या आधी प्रोव्हिजनल टाकायला १,६०० रुपये जड नाहीत. गोपनीयतेचा करार मात्र पहिल्यांदा. तो सही करत नसेल त्याला ड्रॉइंग देऊच नये.

नवा_उद्योजक
मध्येच विचारतो. स्टीम लाइनच्या ट्रॅपवर, म्हणजे वाफ अडवून साचलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर, लावायचं तापमान आणि आवाज दोन्ही बघणारं छोटं उपकरण बनवलंय, ट्रॅप गळतोय का ते बाहेरूनच कळतं. पुढच्या महिन्यात औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल आहे. तिथली गिऱ्हाइकं बघून मग अर्ज केला तर चालेल ना? १२ महिन्यांची सवलत असते असं ऐकलंय.

क्लेम_वन
चालणार नाही. ती सवलत कलम ३१ ची, आणि केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. तुमचं प्रदर्शन त्यात आहे असं लेखी हातात नसेल तर नाहीच असं धरा. अर्ज केल्याशिवाय स्टॉलवर उपकरण ठेवलंत तर तुमचंच प्रदर्शन तुमच्या अर्जाविरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे 'हे आधीच जाहीर होतं' याचा दाखला, होईल. माहितीपत्रक छापायला दिलं असेल तर वाटप थांबवा, व्हिडिओ टाकला असेल तर तारीख मला कळवा. आणि प्रोव्हिजनलमध्ये 'तापमान व आवाज मोजणारे उपकरण' एवढंच लिहू नका. दोन्ही सिग्नल एकत्र करून गळती कशी ठरवता, लोड कमी असताना चुकीचा इशारा कसा टाळता, ते आकड्यांसकट लिहा. जे प्रोव्हिजनलमध्ये नाही त्याला ती तारीख मिळत नाही.