सल्ला हवा: कोंबडीखाद्याचा खर्च कमीत कमी – सॉल्व्हरच्या उत्तरावर कितपत भिस्त ठेवायची?

खाडीपलीकडचा (घणसोली)

माल तुर्भ्याच्या दाणा बाजारातून येतो, दळण-मिश्रण महाप्यात. गावरान कोंबड्यांचं वाढीचं खाद्य, १०० किलोचा एक घाणा. प्रथिनं किमान १८ किलो हवीत, तंतू ६ किलोच्या आत.

मका: २४ रु. किलो, प्रथिनं ९%, तंतू २%
सोयापेंड: ४५ रु., ४५%, ७%
गव्हाचा कोंडा: २० रु., १५%, १२%

एक्सेल सॉल्व्हरने (दिलेल्या अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचं उत्तर शोधणारं एक्सेलमधलं साधन) मका ५०, पेंड २०, कोंडा ३० असं दिलं. खर्च २७०० रु. हे खरंच सर्वांत स्वस्त आहे का? शेंगदाणा पेंडही मिळते (प्रथिनं ४०%, तंतू १०%). ती कोणत्या भावाला घ्यावी? भाव सारखे हलतात, दरवेळी सगळं नव्याने मांडायचं का? सॉल्व्हरपेक्षा बरं काही असेल तर तेही सुचवा.

ठाणे_सिम्प्लेक्स

उत्तर बरोबर आहे. प्रथिनं नेमकी १८, तंतू नेमके ६, दोन्ही अटी काठोकाठ भरल्यात.

पण तुमच्या कामाचा माल ५०-२०-३० मध्ये नाही, सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये (भाव किंवा अटी हलल्या तर उत्तर किती बदलेल, याचा तक्ता) आहे. 'सॉल्व्ह' दाबल्यावर जी खिडकी येते तिथेच तो निवडावा लागतो. पद्धत 'सिम्प्लेक्स एलपी' ठेवा (एलपी म्हणजे रेषीय मांडणी: किलो गुणिले ठरलेला आकडा, आणि त्यांची बेरीज). आपोआप निवडलेली असते ती जीआरजी, रेषीय नसलेल्या गणितांसाठीची. तिच्या रिपोर्टमध्ये भावांच्या मर्यादा येतच नाहीत. आणि प्रथिनांची अट टक्क्यात भागाकार करून लिहू नका. भागाकारात चल राशी आली की मांडणी रेषीय राहत नाही, सिम्प्लेक्स तक्रार करतं. एका बाजूला किलोंची बेरीज, दुसऱ्या बाजूला १८, एवढंच.

शॅडो प्राइस (अट एका किलोने वाढवली तर खर्च किती हलतो) अशा दिसतील: एकूण वजन १९.३६, प्रथिनं ६९.७०, तंतू उणे ८१.८२. म्हणजे १८ ऐवजी १९ किलो प्रथिनं मागितलीत तर घाणा ६९.७० रुपयांनी महागेल. तंतू ७ पर्यंत चालवून घेतलेत तर ८१.८२ वाचतील.

शेंगदाणा पेंडेचं उत्तर याच तीन आकड्यांत आहे:
१९.३६ + ०.४० × ६९.७० − ०.१० × ८१.८२ = ३९.०६

पोच भाव ३९.०६ च्या खाली असेल तरच घ्या. खाली गेला की ती ओळ घालून पुन्हा सोडवा, किती किलो घ्यायची ते तेव्हा कळेल. तिला वरची मर्यादाही घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) धोका एलपीला दिसत नाही.

दरवेळी नव्याने सोडवायची गरज नाही. कोंडा २० वरून २७.५० पर्यंत चढला तरी मिश्रण हेच. त्याच्या वर कोंडा पूर्ण बाहेर: मका ७५, पेंड २५. सोयापेंड कितीही महागली तरी प्रमाण हलत नाही, कारण तुमच्या यादीत प्रथिनांना दुसरा आधारच नाही. तिच्या 'अलाउएबल इन्क्रीज'समोर (भाव कितीने वाढला तरी प्रमाण तेच राहील, तो आकडा) १ई+३० छापून येईल. ती चूक नव्हे, त्याचा अर्थ 'मर्यादा नाही'.

दाणापाखड (कळवा)

भाव लिहिताना हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि घट धरा. तिन्ही मालांवर हा खर्च सारखा पडत नाही. कोंडा हलका आणि फुगीर असतो, त्यामुळे त्याचं किलोमागे भाडं जास्त बसतं. बाजारातला २० रुपयांचा कोंडा महाप्यात २० चा राहत नाही.

दुसरं म्हणजे ओल. प्रयोगशाळेचा अहवाल कोरड्या वजनावर आहे की मालाच्या वजनावर, हे आधी बघा. एका मालाचा असा आणि दुसऱ्याचा तसा आकडा घेतलात तर सगळी मांडणीच चुकते. १२% ओलीचा मका १५% वर गेला की ९% प्रथिनांचे ८.६९% होतात. ५० किलोमागे दीडशे ग्रॅम प्रथिनं गेली.

खनिज मिश्रण नि मीठ मिळून २ किलो घालत असाल ना? ते १०० वर वरून टाकलंत तर घाणा १०२ चा होतो आणि प्रथिनं १७.६५% वर येतात. एकूण वजनाची अट ९८ करा, १८ आणि ६ तसेच ठेवा.

खाडीपलीकडचा

९८ करून सोडवलं. मका ४७.३६, पेंड २०.४७, कोंडा ३०.१६, खर्च २६६१.२७. काटा १०० ग्रॅमपर्यंतच दाखवतो. कोणता आकडा वर न्यायचा, कोणता खाली?

ठाणे_सिम्प्लेक्स

सरसकट जवळचा आकडा घेतलात तर ४७.४, २०.५, ३०.२ मिळून ९८.१ होतात, तंतूही ६ च्या वर जातात. कोंडा खाली आणा: ४७.४, २०.५, ३०.१. प्रथिनं १८.००६, तंतू ५.९९५, खर्च २६६२.१०. ८३ पैसे जास्त, पण दोन्ही अटी शाबूत.

उलवे_२३

सॉल्व्हर तीन-चार मालांना पुरेसा आहे. यादी वाढली तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं 'पल्प' घ्या, त्यात 'किमान' आणि 'कमाल' दोन्ही अटी सरळ लिहिता येतात. मात्र प्रत्येक चलाला किमान शून्य स्वतः द्या, नाहीतर ते उणे किलोही चालवून घेतं. पायथनच्याच सायपाय संचातलं 'लिनप्रोग' असमानतेच्या अटी फक्त 'कमाल' स्वरूपात घेतं, म्हणून प्रथिनांची ओळ दोन्हीकडे उणे एकने गुणावी लागते. ते राहिलं तर तुमच्या १०० किलोच्या आकड्यांवर २२४० रु. असं सुंदर उत्तर येतं: मका ६०, कोंडा ४०, पेंड शून्य, प्रथिनं ११.४. खर्च अचानक एवढा उतरला की आधी चिन्ह तपासा.

बचतीचा अंदाजही आवाक्यात ठेवा. १९४५ साली स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने ७७ पदार्थांतून माणसाचा वर्षाचा स्वस्त आहार अटकळीने ३९.९३ डॉलरवर आणला होता. १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने तोच प्रश्न सोडवला तेव्हा ३९.६९ आले. मुरलेल्या माणसाचा अंदाज किमान खर्चाच्या जवळच असतो. वर लिहिलेला ३९.०६ सारखा आकडा मात्र अंदाजाने हाती लागत नाही.

आता मुख्य उणीव. तुमच्या मांडणीत ऊर्जेची अटच नाही, म्हणून एवढा कोंडा आला. न लिहिलेली अट एलपीसाठी नसतेच. मका ३३००, सोयापेंड २३००, कोंडा १३०० किलोकॅलरी धरा. ५०-२०-३० ला किलोमागे २५०० येतात. किमान २६०० ची ओळ घातली की मका ५४.५५, पेंड २०.९१, कोंडा २४.५५, खर्च २७४०.९१. तंतू ५.५ वर उतरतात आणि त्यांची शॅडो प्राइस शून्य होते. लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांच्या ओळीही घाला, नुसत्या प्रथिनांच्या आकड्याने पिल्लं वाढत नाहीत.

शेंगदाणा पेंडेची ऊर्जा २५०० धरली तर तिचा परवडणारा भाव ३९.०६ वरून ४२.३३ होतो. खरेदीला निघण्याआधी या ओळी घालून तो पुन्हा काढा.