आबांच्या लष्करी चाकूच्या पाठीला जाड खिळा कशासाठी?

कोरेगावचा_नातू:
नमस्कार. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, त्यात आबांचा लष्करातला घडीचा चाकू सापडला. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, 1944 साली इटलीत. यशवंत घाडगे यांना ज्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही मोहीम. आबांना जाऊन 22 वर्षं झाली, त्यामुळे विचारायला घरात कुणी नाही.

मूठ काळी, बारीक चौकड्यांची, हाताला खडबडीत लागते. एका टोकाला पोलादी कडी. पातं एकच, धार सरळ रेघेत आणि टोक जवळजवळ नाहीच. पात्याच्या बुडाशी बाणाची खूण आणि 1943 असे आकडे आहेत. पात्याशेजारी डबा फोडायचं अवजार. आणि पाठीला दाभणासारखा, पण कितीतरी जाड खिळा. तो जागचा हलत नाही. पातंही अर्धंच उघडतं, सगळीकडे गंज.

हा खिळा कशाचा? पॉलिश करून चकचकीत करावा का? आणि पुढच्या महिन्यात विमानाने दिल्लीला भावाकडे जाताना नेता येईल का? त्याला दाखवायचा आहे.

भटक्या_सह्याद्री:
तो खिळा घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायला असतो असं ऐकलंय. गंजासाठी मोटरच्या चाकावर बफिंग करून घे, नवा होईल. रोज वापरायचा असेल तर मात्र स्विस सैन्याच्या धाटणीचा घे. माझ्याकडे आहे. ट्रेकवर करवत आणि स्क्रूड्रायव्हर सतत लागतात, खिळा कधीच लागला नाही.

रत्नागिरीचा_सारंग:
नातूसाहेब, बफिंग करू नका, हात जोडून सांगतो. बाणाची खूण आणि 1943 पहिल्यांदा त्यातच पुसलं जाईल. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

मी 31 वर्षं जहाजावर काढली, खलाशी म्हणून लागलो आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. खुरातल्या खड्यांची गोष्ट बरेच जण सांगतात, पण हा खिळा दोराच्या कामाचा आहे. आम्ही त्याला मर्लिनस्पाइक म्हणतो. तीन पदरी दोराचे पीळ उघडायचे, त्या फटीतून दुसरा पदर ओवायचा आणि दोराला गाठ न मारता टोकाला डोळा, म्हणजे पक्का वळसा, तयार करायचा, यासाठी तो असतो. गाठ मारली की दोराची ताकद बरीच कमी होते, विणलेला डोळा ती पुष्कळ राखतो. भिजून आवळलेली गाठ सोडवायलाही यासारखं काही नाही. सैन्यात तंबू, ताडपत्री, खेचरांवरचं ओझं, सगळंच दोरावर, म्हणून हे खलाशाचं अवजार शिपायाच्या खिशात आलं. स्विस सैन्याने 1891 मध्ये चाकू घेतला तेव्हा त्यांना डबे उघडायचे होते आणि रायफल खोलायची होती, म्हणून त्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हर आला. भटक्याभाऊंना खिळा लागला नाही, कारण त्यांनी दोर विणला नसेल.

पात्याला टोक नाही तेही मुद्दाम. दोर लाकडावर ठेवायचा, वर पातं धरायचं आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचं, दोर सरळ तुटतो. हलत्या डेकवर कुणाला टोक लागण्याची भीतीही नाही.

आता साफसफाई. मूठ बहुधा जुन्या प्लास्टिकची असेल, तिला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लागू देऊ नका, विरघळेल. फक्त सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडा, दोन दिवस तसाच ठेवा, मग बांबूच्या काडीने मळ उकरा. पक्कडीने ओढू नका, पाठीची स्प्रिंग तुटली तर ती परत मिळायची नाही. पात्यावरच्या नखाच्या खाचेत दोरी अडकवून थोडं थोडं हलवा. हलू लागलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. वरचा तांबडा गंज तेलात भिजवलेल्या बारीक स्टीलवूलने काढा, खालचा काळसर करडा रंग राहू द्या. धार दगडावर पाणी टाकून हाताने लावा. मोटरच्या चाकावर पातं तापलं की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही.

एक जपा. या चाकूला उघडं पातं अडकवून ठेवणारा खटका नाही. टोचताना किंवा उलटा जोर दिला तर पातं बोटांवर मिटतं. माझ्या डाव्या तर्जनीवर सात टाके आहेत.

वकील_सातारा:
कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात; घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचं पातं त्यापेक्षा पुष्कळ लहान. पण सण आणि निवडणुकांच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्याही येतात. तेव्हा गावात खिशात घालून फिरू नका. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, काउंटरवर जमा करायच्या बॅगेत कापडात गुंडाळून ठेवा.

कोरेगावचा_नातू:
सगळ्यांचे आभार. चौथ्या दिवशी खिळा सुटला. सांध्यातून तंबाखूचा वाळलेला चुरा निघाला. आबा तंबाखू याच पात्याने कापायचे, हे आईला लगेच आठवलं. मग तिने आणखी सांगितलं की आबांनी वळलेल्या दाव्यांना गाठ कधी नसायची, डोळा असायचा. घायपाताचं एक दावं अजून गोठ्यात आहे, जाऊन बघितलं. डोळा विणलेलाच आहे.

सारंगकाका, मला ते शिकायचंय. नायलॉनच्या कासऱ्यावर प्रयत्न केला, तीन वेळा ओवला, पण म्हशीने ओढल्यावर सुटला.

रत्नागिरीचा_सारंग:
काथ्या किंवा घायपाताला तीन फेरे पुरतात. नायलॉन गुळगुळीत, त्याला निदान पाच हवेत. ओवताना पदर दोराच्या पिळाच्या उलट दिशेने न्यायचा, एकावरून आणि एकाखालून. प्रत्येक फेरीनंतर तिन्ही पदर सारखे ओढून घ्या, एक जरी ढिला राहिला तरी सगळा भार बाकीच्या दोघांवर जातो. आधी घायपातावरच शिका, हाताला पीळ कळतो. फोटो टाका, बघून सांगतो.