नवं सरकारी रुग्णालय: खाटा किती धराव्यात?

पांथस्थ:
माझं मत, सढळ हाताने धरा. रोज सरासरी 40 रुग्ण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी 5 दिवस राहतो, तर 200 खाटा सतत लागणार. पण नेमक्या 200 बांधल्या तर जवळजवळ निम्मे दिवस कुणाला तरी व्हरांड्यात गादी टाकून झोपावं लागेल. 85 टक्के भरणा, म्हणजे सरासरी 85 टक्केच खाटा भरलेल्या, असं धरलं तर 235 हव्यात. इमारत एकदा झाली की पुढच्या दोन पिढ्या तीच वापरणार.

रातपाळी:
अजिबात पटलं नाही. मी वॉर्डात नर्स आहे. खाट म्हणजे नुसता पलंग नसतो. तिच्यामागे ऑक्सिजनची लाइन, कफ ओढून काढायचं सक्शन आणि तिन्ही पाळ्यांना माणसं लागतात. आमच्याकडे राउंड संपतो अकराला, डिस्चार्जही तेव्हाच लिहिला जातो. मग समरी, औषधं, सही, गाडी करत संध्याकाळ होते. तोवर कॅज्युअल्टीतला नवा रुग्ण स्ट्रेचरवरच. हे सुधारा, तपासण्या वेळेवर करा. 5 दिवसांचे 4 झाले तर तुमच्याच हिशेबाने 188 खाटा पुरतात. शिवाय आरोग्यसेवेचे अभ्यासक मिल्टन रोमर यांनी 1959 मध्येच दाखवलं होतं की बांधलेली खाट भरतेच.

पांथस्थ:
रोमर यांचं निरीक्षण विमा असलेल्या लोकांबद्दल होतं. इथे खाट भरते कारण आजवर ती नव्हती म्हणून लोक दुखणं अंगावर काढत होते. आणि लवकर घरी पाठवलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ड्रेसिंग कोण करणार? ती सोय नसेल तर तो चार दिवसांत परत येतो.

गणितवेडा:
85 टक्के सगळीकडे लावू नका. सरासरी 200 रुग्णांना 235 खाटा क्वचितच कमी पडतील. पण आयसीयूत सरासरी 8 रुग्ण आणि 10 खाटा असतील, तर भरणा 80 टक्केच, तरी साधारण दर पाच-सहा दिवसांतून एकदा मागणी 10 च्या वर जाते. गट लहान तितका चढउतार मोठा. स्त्री, पुरुष, बालरोग, प्रसूती असे वॉर्ड पाडले की एकूण 235 चा आधार राहत नाही, कारण प्रसूतीची रिकामी खाट हाड मोडलेल्या माणसाला देता येत नाही.

रातपाळी:
हे मान्य, आयसीयूला जास्त द्या. पांथस्थ, घरच्या ड्रेसिंगचा मुद्दाही बरोबर आहे, पण त्यासाठी घरोघरी जाणारी नर्स नेमा, मजला कशाला? वाढीसाठी एक मजला रिकामा ठेवा, पाइप आणि वायरिंग आत्ताच टाका. पण फलकावर खाटा तेवढ्याच लिहा, जेवढ्यांना पुरेशा नर्सेस आहेत. मंजूर पदं धरून नव्हे, भरलेली पदं मोजून.